बिरप्पाच्या माळेच्या गाठी

ते भांडण मी काही कान लावून ऐकलं नव्हतं. कुंभारीत आमच्या अन् बिरप्पाच्या घरात एकच भिंत, तीही अर्धी.

“माळ गळ्यापत्तुर उतरली की! गेली कावीळ,” बिरप्पा म्हणत होता.

“माळ उतरली, पन डोळं? हळदीच्या नवरदेवागत पिवळं हायती,” त्याची बायको केराबाई.

“मग पुन्ना लगीन लाव की!”

“आदी दवाखान्यात चला. मग बघू कोन पोरगी देतंय ते.”

कावीळ उतरवायला गावातल्या जाणत्यानं त्याच्या डोक्यावर काड्यांची माळ ठेवली होती. ती सैल होत गळ्यात आली की कावीळ गेली, असं आम्ही धरतो. बिरप्पाची माळ आली, कावीळ काही गेली नाही. हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा पोरगा अजिनाथ त्याला सोलापुरात घेऊन गेला.

मोठे डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या नळीत खडे अडकलेत. पण हृदय इतकं कमजोर, की पोट कापलं तर माणूस टेबलावरच जायचा. केराबाईनं पदर तोंडाला लावला. मग दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न कापता करू. त्यांनी तोंडातून दुर्बीण घालून बारके खडे ओढून काढले. एक मोठा हलेना, तर त्याच्या कडेनं प्लास्टिकची बारीक नळी बसवली. पित्त वाहिलं, डोळे निवळले. “तीन महिन्यांनी नळी बदलायला यायचं. तुंबली की ताप परत,” असं बाईंनी बजावलं.

बरं वाटलं तसा बिरप्पा शेरडांमागं गेला. “चांगली बसलीया की नळी, तिला कशाला उटवायचं?” जेवायला बसलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसा बोलायचा. नळी तुंबली. पुन्हा थंडी, पुन्हा पिवळा. या खेपेला मरता मरता वाचला.

घरी आल्यावर केराबाईनं ती माळ खुंटीवरून काढली. कॅलेंडर तिला वाचता येत नाही, पण अमावस्या चुकत नाही. दर अमावस्येला माळेच्या दोऱ्याला एक गाठ. तिसरी पडली की बिरप्पा धुतलेलं धोतर नेसून सोलापूरला निघायचा. नळी बदलून आला की गाठी सोडायच्या, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वर मलाच सांगायचा, “बगा, शेवटाला माळेनंच गुन दिला!”

त्यावर तो काही वर्षं जगला, नात सोनालीच्या लग्नात जेवला. गेला तो हृदयानंच, झोपेत. डोळे पांढरे होते, पिवळे नाही.

तो जायच्या थोडं आधी तिसरी गाठ पडली होती. नळी बदलून, एक रात्र दवाखान्यात काढून तो सकाळी आला. नेहमीसारखी सोलापुरातून आणलेली माझी मिसरीची पुडी त्यानं भिंतीवरून दिली. “वैनी, दात हायती का अजून, का नुसत्या हिरड्याच घासताय?” म्हणाला. मग माळ घेऊन पायरीवर बसला आणि नखानं तिन्ही गाठी सोडवल्या.