पिंपावरचं कुंकू

मी एका प्रयोगशाळेत झाडपुशीचं काम करते. कर्वेनगरहून दोन बस बदलून जावं लागतं. तिथे स्टीलच्या थंडगार पिंपात नखाएवढी चिप बसवली आहे. उजेडातून आलेला निरोप ती क्षणभर धरून ठेवते आणि मग पुढे सोडते. वाटेत कुणी चोरून पाहिलं तर लगेच कळतं, असं तो प्रयोग करणाऱ्या मॅडमनी मला एकदा सांगितलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चिप निरोप धरेना. उजेड आत जायला पिंपाला काच आहे, तिच्यावर लाल कण सापडले. काचेच्या बऱ्याच वर, स्टीलवर, कुंकवाचा टिळा होता. काच पुसून सगळं पुन्हा जुळवायला आठवडा जाणार होता.

मॅडमनी मला आत, पिंपापाशी बोलावलं. आवाज मऊ होता, पण मला तो मऊपणा खरा वाटेना. श्रद्धा असते, रागावणार नाही, पूजा केलीत का, असं विचारत होत्या. मी नाही म्हटलं. ऑफिसातले साहेब म्हणाले, कुंकू काय आपल्या पायांनी चालत आलं? कंत्राटदाराला सांगून दुसरी बाई मागवतो.

एरवी सगळ्यांच्या आधी बोलणारे, प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले मोठे सर तेवढे स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते. मला तेच खटकलं.

मी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"मी चौथी शिकलेय. दारावरची पाटी वाचता येते. फुलं, पावडर आत आणायची नाही. आणि माझा हात तिथवर पोचतो का, ते बघा."

मी टाचा उंचावून हात वर केला. टिळा वीतभर वरच राहिला. आत स्टूल न्यायला बंदी आहे. सगळे आपोआप सरांकडे बघायला लागले. आमच्यात उंच तेच.

सर म्हणाले, "माझाच आहे. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. हात गेला."

"विज्ञानाला दृष्ट लागू नये म्हणून का, सर?" साहेबांनी विचारलं. कुणी हसलं नाही.

मग सगळे आपापल्या कामाला लागले, जणू काही झालंच नव्हतं. कंत्राटदाराला फोन गेला होता की नाही, हेही कुणी सांगेना. मी मॅडमकडे गेले आणि माझी चूक नव्हती असं कागदावर लिहून मागितलं.

"मावशी, आमच्यावर विश्वास नाही का?"

"आहे की. पण लिहून द्या."

त्यांनी लिहिलं, सरांनी सही केली. मी तिथेच उभी राहून अक्षर अक्षर लावून वाचलं. सहीखाली तारीख नव्हती. मी कागद परत दिला.