उतारावरचा न्यूट्रल

लोधिवलीला जुन्या हायवेच्या कडेला चाचांचं गॅरेज आहे; सगळेच त्यांना चाचा म्हणतात. आहे म्हणते, कारण हे लिहीत असताना तरी गॅरेजचं शटर उघडं आहे. शनिवार-रविवार मी तिथे काम शिकते. बाकीचे दिवस कर्जतजवळच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असते. आमच्या पोशीरच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरी कुणालाच नीट सांगता येत नाही. बाबा शेलूला नव्या इमारतींवर गवंडीकाम करतात. कुणी विचारलं की म्हणतात, "पोरगी गाड्या पळवायच्या शिकते." मी त्यांचं बोलणं दुरुस्त करत नाही. तसं ते फार चुकीचंही नाही.

चाचांकडे जोराच्या गाड्या येतात. मुंबईहून लोणावळ्याला बंगल्यावर जाणारे हौशी लोक मोठ्या इंजिनांच्या गाड्या त्यांच्याकडे सोडतात. चाचा इंजिन उघडतात, घासतात, जुळवतात, आणि घाटात ती गाडी पाठीला सीटवर रेटते. मागच्या वर्षी ते मला म्हणाले होते, "पास झालीस की कायमची ये. मला आता वाकवत नाय." कॉलेजात आलेल्या कंपन्यांनी मला घेतलं नव्हतं. इंग्रजीत बोलताना माझा आवाज निघत नाही. त्यामुळे चाचांचं ते एक वाक्य म्हणजे माझी नोकरी होती. घरी मी ती पक्की झाल्यासारखीच सांगितली होती.

गॅरेजची एक रीत आहे. कुठलीही गाडी बोरघाट पाहिल्याशिवाय मालकाला द्यायची नाही. खोपोलीहून चढायचं, काचा बंद करून गाडीची ओढ बघायची. शिंग्रोबाच्या देवळापाशी वेग कमी करून नाणं टाकायचं. वर चहा प्यायचा आणि उतरताना काचा खाली करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची. तसं करू नका अशा पाट्या घाटभर आहेत. पण चाचा म्हणतात, ओझं नसलं की इंजिन खरं बोलतं. खाली आलं की लगेच पुन्हा चढायचं. दोन्ही चढांना ओढ सारखी लागली, तरच काम झालं.

दरम्यान इंधनबचतीचे नियम कडक होत गेले. कंपनी वर्षभरात विकते त्या सगळ्या गाड्यांच्या पेट्रोलखर्चाची मिळून सरासरी काढतात. ती हद्दीत बसली नाही तर दंड. मग कंपनी आधी कुणाला कमी करणार? जास्त पेट्रोल पिणाऱ्या आणि कमी खपणाऱ्या गाड्यांना. वर्गात फळ्यावरून हे उतरवून घेताना मला ते बरोबर वाटलं. आजही चूक वाटत नाही. हायवेचा धूर माझ्याही घशाला लागतो. पण शनिवारी गॅरेजात गेले की त्या सरासरीचा अर्थ गाड्या वर चढवायचा रॅम्प रिकामा असा होत असे. नव्या गाड्या कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला जात. जुन्या विकल्या जात होत्या.

दिवाळीनंतर चाचांचं एक जुनं गिऱ्हाईक नवी गाडी घेऊन आलं. त्याचं आधीचं मॉडेल कंपनीने बंद केलं होतं. हिच्यात छोटं इंजिन होतं आणि मदतीला बॅटरीवरची मोटर.

"चाचा, हिला जुनीसारखी करून द्या," तो म्हणाला. "घाटात मजाच येत नाही. आमच्या ग्रुपमध्ये पाच-सहा जणांनी अशाच घेतल्यात. माझी जमली तर सगळ्या इथेच येतील."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं इंजिनेर, जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. ते सगळं माझ्या अभ्यासक्रमात होतं.

आम्ही ती घाटात नेली. पहिला चढ तिने झकास घेतला. वर चहा झाला. उतरताना चाचांनी सवयीने गाडी न्यूट्रलला टाकली, काच खाली केली आणि कान दिला. उतार लागताच इंजिन आपोआप गप्प झालं होतं. नुसते टायर ऐकू येत होते.

"ही गाडी हाय का फ्रीज?" चाचा म्हणाले. "फ्रीज पण एवढा गप नसतो, गं."

मी हसले. पण दुसऱ्या चढाला गाडी मेल्यासारखी झाली. एक भरलेला ट्रक आमच्या पुढे निघून गेला आणि त्याच्या क्लीनरने खिडकीतून हात बाहेर काढून आम्हाला "या, या" केलं.

मग सुरू झाली आमची धडपड. फिल्टर बदलला, प्लग बदलले, दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरलं. दर शनिवार-रविवारी घाट. दर वेळी पहिला चढ चांगला, दुसरा मेलेला. चाचा रात्री झोपत नाहीत असं त्यांच्या डोळ्यांवरून दिसे. मी कॉलेजात जाऊन जमेल ते वाचत होते, पण आमच्या गाडीचा आजार कुठेच लिहिलेला नव्हता. गिऱ्हाइकाचे फोन वाढले. चाचा ते गॅरेजबाहेर जाऊन घेत.

शेवटी एका रविवारी उतरताना मी गाडीच्या पडद्यावरचं बॅटरीचं चित्र बघत बसले. चढून आल्यावर ते तळाला गेलं होतं. आम्ही अख्खा घाट उतरत होतो आणि ते तिळभरही भरत नव्हतं.

"चाचा, गिअर टाका."

"का गं?"

"टाका तुम्ही. न्यूट्रलमध्ये ही बॅटरी भरून घेत नाही. उताराने तिला भरायचं असतं. आपण तिला उपाशी ठेवून परत चढवतोय."

चाचांनी गिअर टाकला. गाडी मागून कुणी धरल्यासारखी जड झाली आणि चित्र भरू लागलं. खाली आलो, वळलो. दुसऱ्या चढाला तिने आम्हाला सीटवर रेटलं. मी ओरडले. चाचाही "वा, पोरी!" म्हणून हसले. शिंग्रोबापाशी नाणं टाकताना ते अजून हसतच होते. त्याच्या पुढच्या वळणावर ते हसायचे एकदम थांबले. मलाही तेव्हाच कळलं.

गाडीला काही झालेलंच नव्हतं. कंपनीने दिली तशी ती ठीक होती. तिच्यात आम्हाला करण्यासारखं काही नव्हतं.

गिऱ्हाईक आलं. "मग, काय काय केलंत?"

"काय नाय केलं. गाडी चांगली हाय."

"चांगली आहे हे मलाही माहीत आहे, चाचा. मला जुनीसारखी हवी होती."

"जुनीसारखी नाय होणार. हिचं सगळं आतल्या कंप्युटरमध्ये हाय, आणि तो आमाला उघडत नाय."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राहू द्या मग." गाडी आवाज न करता निघून गेली. त्याच्या ग्रुपमधलं कुणी आलं नाही.

मी चाचांना म्हणाले, आपण नवीन शिकू, मी शिकेन, कोर्स करेन. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. चाचा चिंध्यांनी हात पुसत राहिले. मग म्हणाले, "बेटा, रॅम्प विकायचं बोलणं चाललंय. तू दुसरीकडं बघ. मी सांगितलेलं, ते आता धरू नको."

मी मान हलवली. चौक गावापर्यंत चालत गेले, तिथून कर्जतला, मग घरी. वाटेत कुणाला फोन करावा असं एकही नाव सुचलं नाही.

बाबा ओट्यावर हातापायाचं सिमेंट धूत होते. त्या गाडीचं त्यांना मी सगळं सांगितलेलं होतं. दर रविवारी विचारायचे.

"काय गं, जमलं का त्या गाडीचं?"

"जमलं," मी म्हणाले.

"मी म्हणालो नव्हतो?" ते आत आईला ओरडून म्हणाले. "जमलं म्हणतेय! आता ते चाचा हिला सोडत नाय."

ते तांब्याने पायावर पाणी ओतत होते, खुशीत, जरा जास्तच. मी पायरीवर उभी राहून ते पाणी अंगणातून उताराने जाताना बघत राहिले. परीक्षा जवळ आली आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.