पुढचं चाक

“न्या एकदा दारातनं. लय दिस मढं पडलंय,” तात्या म्हणाले.

मी मागच्या अंगणात जीपचा पत्रा पुसत होते. ओसरीवर ती न्यायला सांगलीहून आलेला भंगारवाला चहा पीत बसला होता. शेजारी आबा, माझे वडील, दाढी करून, बूट घालून बसले होते.

आबा सुभेदार म्हणून निवृत्त होऊन कोरेगावजवळच्या आमच्या गावी परतले होते. पहिले काही महिने ते ओसरीवर नुसते बसून असत. सकाळी दाढी करून, बूट घालून तयार व्हायचे आणि मग कुठं जायचं ते त्यांना कळायचं नाही. नंतर त्यांनी लष्कराच्या लिलावात ही जुनी जीप घेतली. ट्रकच्या मागे बांधून ती आणली, आणि दुसऱ्या दिवसापासून आबा बाह्या सारून तिच्याखाली शिरू लागले.

मीही तेव्हा नुकतीच वसतिगृहातून कायमची घरी आले होते. इंग्रजी शाळेत वाढल्यामुळे माझं मराठी पुस्तकी होतं. मी तोंड उघडलं की चुलत बहिणी हसायच्या, म्हणून मी ते मिटूनच ठेवत असे. जीपपाशी बोलावं लागत नसे. आबा हात पुढे करत, मी पाना देई. हळूहळू कुठला पाना हवाय हे न सांगता कळायला लागलं.

आम्ही इंजिनाचं हेड काढलं, काजळी खरवडली, व्हॉल्व्ह घासून बसवले. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा कोंबड्या कुंपणापलीकडे उडाल्या आणि आबा लहान मुलासारखे हसले. मग ब्रेकची नवी रबरं घातली. मी पेडल दाबून धरायची, आबा चाकामागचा स्क्रू सैल करून नळीतली हवा काढायचे. राहिला क्लच. त्याच्या प्लेटला नवं अस्तर लावून घ्यायला ते साताऱ्याला गेले.

त्या दुपारी तात्या विहिरीवरून तेलाचा डबा घेऊन आले. तात्या आबांचे थोरले भाऊ. विहिरीवरचं इंजिन त्यांच्या ताब्यात होतं, आणि घरात जे काही करकरेल त्याला त्याच डब्यातलं तेल मिळे: बैलगाडीचा आस, कडबा कापायचं यंत्र, दाराच्या बिजागऱ्या. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालची झडप उघडली, ब्रेकचं तेल कमी दिसलं म्हणून डबी काठोकाठ भरली आणि मला मायेनं म्हणाले, आता कमी पडायचं न्हाई.

त्यानंतर क्लच बसवला, तरी जीप हलेना. इंजिन सुरू व्हायचं, पण गिअर टाकून क्लच सोडला की एक हिसका बसून बंद पडायचं. सगळ्यांनी क्लचलाच दोष दिला. आबांनी गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, पुन्हा चढवला. चाकं मऊ मातीत रुतलेली असल्यामुळे गाडी ढकलूनही हलत नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. तात्या म्हणाले, म्याडमला इंग्रजीत सांगू दे, फौजेतली गाडी हाय, मराठी कुठनं कळायची तिला. सगळे हसले, मीही हसले. शेवटी आबांनी भावाला शब्द दिला की भंगारवाल्याची फेरी येईपर्यंत चालली नाही तर देऊन टाकू. त्या दिवसापासून ते पुन्हा दाढी करून ओसरीवर बसू लागले.

आज पत्रा पुसताना मी ती झडप उघडली होती. डबीच्या झाकणाखालचं रबर, आम्हीच बसवलेलं नवं कोरं, फुगून झाकणात मावत नव्हतं. मला तात्यांचा तो तेलाचा डबा आठवला. आतली सगळीच रबरं अशी फुगून ब्रेक चाकांना आवळून बसले असतील तर?

पण तात्यांना हे सांगणार कोण? आबा सरहद्दीवर असताना शेत त्यांनी सांभाळलं, माझी शाळा त्यांच्या उसावर झाली. त्यांनी गोठ्याचं दार उलटं बसवलं होतं, तर सगळं घर ते निमूट उलटं उघडत असे.

ओसरीवर भंगारवाला साखळी कुठं अडकवायची ते विचारत होता. मी पुढच्या चाकापाशी फळी टाकली, जॅक लावला आणि चाक मातीतून वर उचललं. पुढच्या चाकांना इंजिनाशी जोडणारा वेगळा गिअर तर सुटाच होता, म्हणजे या चाकाचा क्लचशी काही संबंध नव्हता. ते सहज फिरायला हवं होतं. मी दोन्ही हातांनी जोर लावला. हललं नाही. मग आबांनी करताना पाहिलं होतं तसा चाकामागचा स्क्रू सैल केला. काळपट तेलाची पिचकारी माझ्या परकरावर उडाली.

मी चाकाला हात लावला. ते फिरलं. सोडून दिलं तरी फिरत राहिलं.

मी तशाच हातांनी ओसरीवर गेले. भंगारवाला उठून उभा होता. आबांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. माझा आवाज मला वाटलं होतं त्याहून मोठा आला.

“तात्या, क्लच चांगला आहे. तुम्ही ब्रेकमध्ये विहिरीच्या इंजिनाचं तेल घातलंत, त्यानं रबरं फुगली आणि चाकं धरली गेली. मी एक सोडवलंय. आबा, उठा, तीन राहिलीत.”