डोळ्यानं दिलेला जबाब

ती सोमवारची दुपार आताही डोळ्यापुढून हालत नाही. फुलचूरच्या त्या घराच्या फाटकापाशी पोलिसाची गाडी उभी राहिली, आन् जमादार उतरून म्हणाले, "पेशंट पाहणारी बाई तूच का वं? चाल, ठाण्यात मॅडमनं बलावलं."

पोलिसातले साहेब लोक रिटायर झाल्यावर आपल्या केसा लिहितात. मी ज्यायले पाहते ते साहेबही रिटायर इन्स्पेक्टर. लिहाले म्हणून कोरी वही आणून ठेवली होती, पण पहिलं पान लिहाच्या आधीच लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. म्हणून ही त्यायची शेवटची केस मी लिहून राहिली. मी दहावी नापास आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी गोंदियाले तीन महिन्याचं ट्रेनिंग केलं, घरी राहून म्हाताऱ्या पेशंटची सेवा कराचं. दर दोन घंट्यानं कूस बदलाची, पाठ लाल होऊन राहिली का पाहाची, उठवून बसवल्याशिवाय पाणी पाजाचं नाही, नाहीतर ठसका लागून छातीत जाते. शिकवणाऱ्या सिस्टर रोज म्हणत, "जे केलं तेच चार्टात लिहा." ज्याले बोलता येत नाही त्याच्याशी बोलाचं कसं तेही शिकवलं. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. साहेब हे एका दिवसात शिकले. पण घरचं कोणी त्यायले तसं विचारतच नव्हतं. आजी, म्हणजे साहेबाच्या बायको, जवळ बसून नुसत्या रडत. आन् त्यायची पोरगी नागपूरले राहते, ती ताई फोनवर म्हणे, "पप्पांना आता काही समजत नाही."

आता माही चूक सांगते. माही पोरगी दीड वर्षाची, अंगावर पिते. मी जवळच खोली केली होती आन् माय दवनीवाड्यावरून येऊन पोरीजवळ राहे. ड्यूटी बारा घंट्याची, मंधात घर सोडाचं नाही असा मले कामाले लावणाऱ्या एजन्सीचा कायदा. पण आजीच म्हणाल्या, "जाय वं, एक वाजता पोरीले पाजून ये. मी बसते त्यायच्यापाशी. एजन्सीले कोण सांगते?" मले वाटलं, किती मायाळू बाई आहे. मी रोज जाऊ लागली, आन् चार्टात लिहू लागली, एक ते दोन पेशंट झोपले, मी बाजूले बसली. एकही दिवस तसं नव्हतं, पण लिहिलं रोज तसंच.

पंधराएक दिवसानं साहेबाच्या दंडावर आन् मांडीवर काळेनिळे डाग दिसले. आजी म्हणाल्या, "रगत पातळ कराच्या गोळीनं होते ते." तशा गोळीनं होतेच, कोर्समध्ये सांगतलं होतं. पण असं दिसलं की लगेच एजन्सीच्या सुपरवायझरले फोन कराचा असते, तो मी केला नाही, साहेबालेही काही विचारलं नाही. भेली. म्हटलं माह्यावरच येईन. आन् माह्यावरच आलं. रविवारी ताई आल्या, वडिलांचा सदरा बदलाले गेल्या, डाग पाह्यले, मोबाईलवर फोटो काढले आन् सिध्या ठाण्यात. केअरटेकर बाई माझ्या वडिलांना मारते, अशी तक्रार.

ठाण्यात मले बाकड्यावर बसवलं. ठाणे अंमलदार डायरी लिहीत होते, समोर एक माणूस बकरी चोरीची तक्रार सांगून राहिला होता. अंमलदार म्हणे, "रंग सांग न बे बकरीचा, तिचे गुण नोको सांगू." बाजूचे हासले. मी हासली नाही. एकच डोक्यात, मले आत टाकलं तर पोरगी कोण पाहीन, आन् असं नाव लागल्यावर कोणत्या घरी मले पेशंटले हात लावू देईन?

मंग फौजदार मॅडमनं आत घेतलं. वयानं माह्यापेक्षा पाच-सहा वर्षं मोठ्या असतील. आवाज चढवला नाही, चार्ट समोर ठेवला.

"रोज बारा वाजता कुठं असते तू?"

"साहेबापाशी."

"एक वाजता?"

"साहेबापाशी."

"दोन वाजता?"

"साहेबापाशीच, मॅडम."

"म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत तूच. मंग त्यायले दुसरं मारीन कोण? तूच लिहिलं आहे हे."

खरंच माह्याच हातानं लिहिलेलं. मी रडाले लागली, पायावर हात ठेवते म्हटलं, पोरीची शपथ घेतली. मॅडमनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाह्यलं, मंग माह्या छातीकडे. तेव्हा मले समजलं, माहा ब्लाऊज भिजला होता. एक वाजून गेला होता, पोरीची वेळ झाली होती, दूध आपोआप येऊन राहिलं होतं.

"दुपारी एक वाजता कोणाले पाजते तू?" मॅडमनं विचारलं.

पदर ओढून घेतला आन् सारं सांगतलं. घरी जाते, रोज जाते, चार्ट झूठ आहे, आजीनंच पाठवलं.

मॅडम म्हणाल्या, "हे आधी काऊन नाही सांगतलं?"

"नोकरी जाईन म्हणून भेली."

"नोकरीपायी जेलात जात होती न." मंग जमादाराले म्हणाल्या, "पहिले हिच्या लेकराले इथं आणा, पाजू द्या. मंग घरी जाऊन पाहू, रोज एक ते दोन तिथं काय होते."

जमादार म्हणाले, "मॅडम, साहेबालेच विचारू न. मी अर्जुनी मोरगावले त्यायच्या हाताखाली होतो. तो माणूस इतका सोपा नाही जाणार."

पोरीले पाजून झाल्यावर साहेबाच्या घरी गेलो. ताई दारातच म्हणाल्या, "पप्पांना काय विचारणार? त्यांना भान नाही." मी मॅडमले डोळ्याचं सांगतलं, एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. मॅडम पलंगापाशी खुर्ची घेऊन बसल्या. मी नेहमीसारखी उशाशी जाऊन उभी राहिली. साहेबानं मले पाह्यलं आन् डावा हात उचलला. बोट सिधं दाराकडे.

मी म्हटलं, "साहेब, मी इथंच राहते न?"

डोळे दोनदा मिटले. हात दाराकडेच.

ताई म्हणाल्या, "बघा, घाबरतात ते हिला."

मले वाटलं आता संपलं. दोन महिने ज्यायचं हागणं-मुतणं काढलं, लेकरासारखं घास भरवला, त्यायनंच मले बाहेर काढलं. एक लेडीज पोलीस माह्यासोबत आली, आम्ही खिडकीखालच्या ओट्यावर बसलो. आतले सवाल ऐकू येत होते, पण साहेबाचा जबाब तर डोळ्यात, तो मले दिसणार कसा?

"साहेब, आज मंगळवार आहे का?" मॅडमचा आवाज. "बरं. मंग सोमवार?... हो, बरोबर."

जमादार म्हणाले, "मी विचारतो एक. साहेब, तुमच्या हाताखाली असताना मी कधी ड्यूटीवर झोपलो का?" थोडं थांबून जमादारच ओरडले, "हो म्हणतात, मॅडम! बिलकूल होशमध्ये आहेत साहेब!"

मॅडम हासल्या. मंग आवाज बदलला.

"ही पोरगी तुम्हाले मारते?"

मी लेडीज पोलिसाचा हात कधी धरला मले माहीत नाही.

"बरं," मॅडम म्हणाल्या.

बरं म्हणजे काय? हो की नाही?

"ती एक वाजता घरी जाते? बरं. तेव्हा बाहेरचं कोणी येते? बरं. तो माणूस मारते?... मारत नाही. चोळते? जोरानं?... बरं."

ताईचा आवाज आला, "आई, कोण येतं घरी?"

"साहेब, त्याले बलावते कोण? घरातलं माणूस आहे?"

आत बांगड्या वाजल्या. मॅडम हळूच म्हणाल्या, "डोळे उघडेच आहेत तुमचे, साहेब. मी परत विचारते. घरातलं माणूस आहे?"

मी ओट्यावरून अर्धी उठली.

"लिहा, जमादार," मॅडम म्हणाल्या. "एकदा मिटले."

आन् आजी मोठ्यानं रडल्या. "मीच वं, मीच आणलं त्याले!"

एक मालीशवाला म्हातारा होता. पारव्याचं गरम रगत लावून, अंगठ्यानं हाड दाबून चोळलं की लकवा जाते म्हणे. आजीच्या माहेरी एक जण त्यानं चालाले लागला होता. डॉक्टर ओरडतील, ताई ओरडन, मी सुपरवायझरले सांगन, म्हणून मले घरी पाठवून एक ते दोन त्याले बलावत. झाल्यावर गरम पाण्यानं सारं पुसून काढत. आजी म्हणाल्या, "ते कण्हत, तर मी आपल्याच तोंडात पदर कोंबत होती. वाटे, एक दिवस उठून बसतीन."

रगत पातळ कराची गोळी चालू, आन् त्यात असं रगडणं. डाग त्याचेच, संध्याकाळी डॉक्टरनंही तेच सांगतलं. मेंदूत रगत गेलं असतं तर वाचले नसते, म्हणाले.

मले आत बलावलं तेव्हा मॅडम जबाब वाचून दाखवून राहिल्या होत्या. "पत्नीने बोलावलेल्या इसमाकडून मला मारहाण झाली", इथं साहेबानं डाव्या मुठीनं पलंगाची पट्टी ठोकली. दोनदा डोळे मिटले. मॅडमनं ते खोडलं, "मालीश झाली" लिहिलं. पुन्हा ठोकलं. मॅडमले समजेना, त्या एकेक विचारू लागल्या. जखम कराच्या हेतूनं? दोनदा. बरं करण्याच्या हेतूनं? एकदा. "बरे करण्याच्या हेतूने" हे शब्द लिहिल्यावरच साहेबानं डावा अंगठा पुढं केला. जमादारानं शाई लावली. अंगठा घेतला, मागं सरकले आन् खाडकन सॅल्यूट ठोकला.

फाटकापाशी मी जमादाराले विचारलं, "साहेबानं मले बाहेर काऊन काढलं?"

"अवं पोरी, जिच्यावर आरोप तीच उशाशी उभी, तर त्या जबाबाची किंमत काय? ताई म्हणली असती, हिच्या भेवानं डोळे मिटले. त्यायनं तुले नाही काढलं, तुह्या विरोधातला सवालच काढून टाकला."

मी तिथंच फाटकाले धरून उभी राहिली. अर्धं अंग गेलेलं, तोंडातून एक शब्द निघत नाही, लंगोट मी बदलवते, आन् त्या माणसाले एवढं भान, की माही सुटका पक्की व्हावी म्हणून मलेच दार दाखवलं. मले त्या दिवशी देव पाहल्यासारखं झालं, खोटं नाही सांगत.

गुन्हा दाखल झाला नाही. मालीशवाल्याले ताकीद दिली. ताईनं माफी मागतली, पण खरं तर त्या वडिलापाशीच जास्त रडल्या, दोन महिने त्यायले काहीच विचारलं नाही म्हणून. एजन्सीनं मले चार्टाबद्दल लेखी ताकीद दिली, ती मी घेतली, माही चूकच होती. ताईनंच एजन्सीशी बोलून दुपारचा एक घंटा सुट्टीत बसवून दिला.

मी या केसमधून काय शिकली? ट्रेनिंगमध्ये आम्ही पेशंट उचलाले शिकलो, पुसाले, भरवाले. मनात कुठंतरी असंच होतं की पडलेलं माणूस म्हणजे आपल्या हातातलं माणूस. पण त्या दिवशी मीच त्यायच्या हातात होती, आन् त्यायच्यापाशी तर हातही एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड पुसताना मी विचारलं, "साहेब, आजीचं सांगताना लय जड गेलं का?" ते दाराकडे पाहत राहिले. तिकडे आजी चहा गाळून राहिल्या होत्या. त्यायनं डोळे एकदाही मिटले नाही, दोनदाही मिटले नाही. नुसतं पाणी आलं. मी ते पुसलं आन् पुन्हा विचारलं नाही.