जानेवारीच्या पानावरचा बिबट्या

न्यूझीलंडमधल्या आमच्या जॉन्सनव्हिलमध्ये गेल्या आठ वर्षांत झालेलं एकही बारसं, मुंज किंवा हळदीकुंकू देवव्रतच्या कॅमेऱ्यातून सुटलेलं नाही. आठवडाभर तो सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, शनिवार-रविवारी आमच्या चेहऱ्यांतल्या. "काकू, हनुवटी खाली. हं, इकडे बघा. एक, दोन, तीन." तीन म्हटल्याशिवाय त्याचं बोट हलत नाही. तत्त्वाचा माणूस.

२०१६ साली या तत्त्वनिष्ठाने जाहीर केलं, की यापुढे आपण फक्त वन्यजीवांचे फोटो काढणार. ज्या देशात सगळ्यात हिंस्र प्राणी म्हणजे रात्री छपरावर नाचणारा पोसम, तिथे हा निर्णय धाडसीच. सरावाला मेंढ्या होत्या. त्या आमच्यापेक्षा बऱ्या उभ्या राहायच्या. मग दुधीभोपळ्याएवढी लेन्स आली, जुलैतली केनियाची तिकिटं आली, आणि इथल्या मराठी मंडळाचा सचिव चारुदत्त याला देवव्रतने शब्द दिला: पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर जानेवारीला आपला बिबट्या.

"नक्की ना? नाहीतर मी परत मोदकांचाच फोटो टाकतो."

"तो फोटोही माझाच होता. बिबट्या म्हणजे बिबट्या."

संध्याकाळपर्यंत हे सगळ्या जॉन्सनव्हिलला कळलं. आता बिबट्याशिवाय परतायची सोय उरली नाही.

मसाई मारात गाइड किप्रोनोने जीपमध्येच शिकवणी सुरू केली. ऊन पाठीशी ठेवा. लेन्स या कडधान्याच्या पिशवीवर टेकवा, हलणार नाही. फोकस डोळ्यावर. आणि तोंड बंद. पहिले तीन धडे देवव्रतला एका दिवसात आले. त्याच्या बायकोने, इरावतीने, पिशवी चाचपून "राजमाच आहे," असा निर्वाळा दिला.

चार दिवस सिंह, हत्ती, जिराफ सगळे येऊन गेले. पाचव्या, म्हणजे शेवटच्या सकाळी किप्रोनोने इंजिन बंद करून बोट दाखवलं. समोरच्या झाडाच्या आडव्या फांदीवर बिबट्या पसरला होता. ऊन पाठीशी, लेन्स राजम्यावर. फक्त स्वारीचं तोंड पलीकडे होतं. आठ वर्षांची समाजसेवा देवव्रतच्या तोंडून आपसूक बाहेर पडली.

"हं, इकडे बघा."

बिबट्याने बघितलं. सरळ लेन्समध्ये. आमच्यातल्या कुणीही आजवर इतकं नीट बघितलेलं नाही.

"एक, दोन..."

"अरे, काढ ना," इरावती म्हणाली.

तीनला फोटो निघाला. फांदी उत्तम आली.

"यात बिबट्या कुठाय?" परतल्यावर चारुदत्तने विचारलं.

"दोनपर्यंत होता."

चारुदत्तने बराच वेळ फोटो न्याहाळला. 'बिबट्या, मसाई मारा' ही ओळ त्याने कधीच छापायला देऊन टाकली होती. "असू दे," तो म्हणाला. "बिबटे तसेही चटकन दिसत नाहीत."

जानेवारीत घरोघरी लोक कॅलेंडरसमोर उभे राहिले. विवेकला शेपूट सापडली. वसुंधराकाकूंना कान. संक्रांतीच्या तिळगुळाला देवव्रत त्यांच्याकडे गेला, तो खरं सांगायचं ठरवूनच.

"काकू, त्यात बिबट्या नाहीये."

"तुला मेल्या चष्मा बदलायला झालाय." त्यांनी त्याला मनगटाला धरून भिंतीपाशी नेलं. "हा बघ कान."

देवव्रतने चष्मा पुसला, वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ते नुसतं पान आहे, काकू," तो अखेर म्हणाला. "कान जरा डावीकडे आहे."