पाऊण बरणी पाणी

तेरा वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना तर नाहीच. आता तुम्हाला सांगायला बसले आहे — आणि सुरुवात कुठून करू, तेच सुचत नाही.

मी आचोळ्याला राहते, चांदीपच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. सहा वर्षांच्या मुलांना सगळ्यात आधी काय शिकवावं लागतं? अक्षरं नाही. सांगितलेलं ऐकणं. त्यासाठी तेरा वर्षांपूर्वी मी तहानलेल्या कावळ्याची गोष्ट घेतली होती. प्रत्येक मूल कावळा. नाव घेतलं की उठायचं, एकच खडा उचलायचा, आवाज न करता बरणीत टाकायचा, जागेवर येऊन बसायचं. केंद्रप्रमुख पाठ बघायला आले त्या दिवशी पस्तीस मुलांपैकी एकही चुकलं नाही. शेवटच्या खड्याला पाणी बरणीच्या तोंडाशी आलं. पुढे तालुक्यात माझ्या पाठाला पहिलं बक्षीस मिळालं. खोटं कशाला बोलू — मी हवेत होते.

पण ती बरणी...

आदल्या रविवारी मी घरी करून बघितलं होतं. तळाशी दोन बोटं पाणी, गोष्टीतल्यासारखं. खडे टाकत गेले, बरणी गळ्यापर्यंत भरली — पाणी खड्यांच्या फटींतच राहिलं. वर आलंच नाही. मग मी काय केलं? पाऊण बरणी पाणी भरलं आणि बाहेरून तपकिरी कागद गुंडाळला. मडकं दिसावं म्हणून, असं मुलांना सांगितलं. खरं म्हणजे, आतलं पाणी दिसू नये म्हणून.

एवढंच असतं तर मी विसरूनही गेले असते.

पाठाच्या दुसऱ्या दिवशी प्रणाली माझ्या टेबलाशी आली. भातशेतीवाल्या घरातली, वर्गात सगळ्यात नीट ऐकणारी मुलगी. तिने घरी तांब्यात थोडं पाणी घेऊन तो खेळ केला होता.

"बाई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पानी वर नाय आलं."

मला कारण माहीत होतं. तरी सगळ्या वर्गासमोर मी म्हणाले, तू नीट ऐकलं नसशील. तिला सूचना म्हणून दाखवायला लावल्या. तिने एकही न चुकता म्हटल्या. मग घरी करताना चुकलीस, मी म्हटलं. मुलं हसली — आणि मी त्यांना हसू दिलं. त्यानंतर वर्षभर तिने एकदाही हात वर केला नाही. मला ते दिसत नव्हतं का? रोज दिसत होतं.

यंदा ती परत आली. शिक्षिका व्हायला शिकते आहे, सरावाचे पाठ घ्यायला आमच्याच शाळेत. पहिला पाठ माझ्या वर्गावर, आणि गोष्ट तीच. काचेची बरणी, कागदबिगद काही नाही, तळाशी दोन बोटं पाणी. मुलांनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. बरणी खड्यांनी भरली. पाणी खालीच. मुलं घाबरून तिच्याकडे बघू लागली.

"तुमचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर ऐकलंत. आता काय बदलायचं, ते तुम्ही मला सांगा."

मागच्या बाकावरून मी उठले. मुलांसमोर, तिच्यासमोर सगळं सांगून टाकलं — पाऊण बरणी, तो कागद, ते हसू देणं. "प्रणाली बरोबर होती. आणि ते मला तेव्हाच माहीत होतं."

ती म्हणाली, "मी नंतर तांब्यात जास्त पाणी घेऊन करून बघितलं होतं, बाई. मला कळलं होतं." आणि मुलांकडे वळली.

बाई, अजून पाणी घाला, एक पोरगी ओरडली. थोडं घातलं — नाही आलं. अजून घातलं — नाही. चौथ्या खेपेला, सगळ्यांना दिसेल असं, पाणी खड्यांवरून चढत तोंडाशी आलं. वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं. बाकावर चढलेल्या पोरांच्या मधोमध प्रणाली दोन्ही हातांनी बरणी उंच धरून उभी होती, बाही कोपरापर्यंत भिजलेली. हात लाल होईतो मी टाळ्या वाजवल्या.

मी खोटं बोलले, आणि खरं बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला खोटं पाडलं. हे मी केलं.