झालेच नाहीत ते तास

सुलभावहिनींना जाऊन आता सहा आठवडे होतील. दादाचा फोन आला तेव्हा मी कोलकात्यातच, सॉल्ट लेकच्या ऑफिसात होतो. त्याच दुपारी त्यांच्या जुन्या शाळेचा शोकसंदेश मोबाइलवर फिरत आला. 'त्यांनी विशेष विद्यार्थ्यांचा एकही तास कधी चुकवला नाही.' रडू यायच्या आधी संताप आला. याच एका वाक्याशी तर वहिनी भांडल्या होत्या...

दादाची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि दोघं बालीगंजमध्ये राहिली ती कायमचीच. वहिनी तिथल्या एका शाळेत विशेष शिक्षिका झाल्या. बोलताना अडणारी, अक्षरांत हरवणारी मुलं त्यांच्याकडे यायची. वहिनी बंगाली बोलायच्या ते थेट पुणेरी हेलात. मुलं हसायची आणि हसता हसता बोलती व्हायची. पुढे या मुलांना कुठला तास कधी मिळाला याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर शाळेनं घेतलं. ते आमच्या कंपनीचं होतं आणि ते लिहिणाऱ्यांत मीही होतो. वेळापत्रकात तास असला की संध्याकाळी तो आपोआप 'पूर्ण' दिसायचा. पहिल्याच आठवड्यात वहिनींनी मला विचारलं, "भावोजी, तास झाला नाही तर ते कुठे लिहायचं?"

"तशी सोय नाही, वहिनी. शाळांनाच नको होती."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

मी विषय बदलला.

नऊ वर्षांच्या तुलीला तिची आई सियालदहहून बसनं घेऊन यायची. आठवड्याला तीन तास वहिनींनी तिला बोलायला शिकवायचं, असं ठरलेलं. प्रत्यक्षात कुणी शिक्षक रजेवर गेला की वहिनींना त्याच्या वर्गावर धाडलं जाई आणि तुली रिकाम्या खोलीत बसून राही. स्क्रीनवर मात्र सगळे तास पूर्ण! दोन वर्षांनी मुख्याध्यापकांनी तीच स्क्रीन तुलीच्या आईपुढे वळवली. इतकं शिकवूनही प्रगती शून्य, ही मुलगी शिकण्यासारखी नाही, दुसरीकडे न्या, असं सांगितलं. वहिनी ताडकन उठल्या. "यातले निम्मे तास झालेलेच नाहीत. पावसाळ्यात माझं ऑपरेशन झालं, तेव्हा मी हॉस्पिटलातून शिकवत होते का?"

"रेकॉर्ड तसं म्हणत नाही, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले.

समोर उभ्या असलेल्या बाईपेक्षा स्क्रीन खरी! तुलीचं नाव कमी झालं. वहिनींनी राजीनामा दिला आणि माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. नोंदी आपोआप भरतात एवढं कागदावर लिहून द्या, म्हणाल्या. मी दिलं नाही. नोकरीचं कारण सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, "बरं" म्हणाल्या. ते "बरं" मला अजून झोंबतं.

मग तुली त्यांच्या घरी येऊ लागली. वर्षभरात ती तुटक का होईना, वाक्यं बोलायला लागली. तिची आई परवा मला सांगत होती, "आता बाजारात मासेवाल्याशी भाव हीच करते." हीच ती न शिकणारी मुलगी! दरम्यान वहिनींचा जुना आजार उलटला होता. त्यांनी मागितलेलं ते पत्र मी आता, त्या गेल्यावर लिहिलं. सहीनिशी तुलीच्या आईच्या हाती दिलं, एक प्रत शाळेला पाठवली. शाळेचं उत्तर नाही. ऑफिसात मात्र मला बोलावणं आलं आहे. येऊ दे.

रविवारी दादाकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात पुण्याहून मागवलेलं कॅलेंडर अजून वहिनी गेल्या त्याच महिन्यावर आहे. दादा ते उलटू देत नाही. चौकटींत त्यांच्या बारीक अक्षरात तुलीच्या तासांची नोंद आहे. आज काय म्हणाली, कुठे अडली. शेवटच्या आठवड्यात अक्षर हललेलं आहे, पण वाचता येतं.

'तुली आली होती. तास झाला नाही. मला बसवेना.'